डबा बोलला, तेव्हा त्यात काहीच नव्हतं

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. बाभळीखालची बाई, मागून येणारे पैंजण, गाडीवर लिफ्ट मागून मधेच गायब होणारा म्हातारा... कॉलेजच्या लॅबमध्ये मधल्या सुट्टीत मी ते मैत्रिणींना आवाज काढून वाचून दाखवते आणि आम्ही पोट धरून हसतो. माझं काम कॉम्प्युटरचं. वाशीमच्या एका कॉलेजात लॅब सांभाळते, रोज मालेगावहून एसटीने ये-जा. मशीन विचित्र वागायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — वायर नीट बसली आहे का? बहुतेक वेळा बसलेली नसते.

तेव्हा आज मी इथे लिहायला बसले आहे याचं हसू मलाच येतंय. तुम्हीही हसा. पण शेवटपर्यंत वाचा, आणि कोणाला सैल वायर सापडली तर जरूर सांगा.

आमचं घर मालेगाव जहांगीरमध्ये, वाशीम रोडपासून जरा आत. गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की, मग चार-सहा घरं, मग आमचं. घरात आता दोघीच. मी आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते. सुधीर, माझा नवरा, गेल्या उन्हाळ्यात गेला. इंझोरीला एकाचा सोलर पंप दुरुस्त करायला गेला होता, तिथे छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. जायचं वय नव्हतं, एवढंच सांगते.

सुधीरला जुन्या मशीनचं भारी वेड. गावातल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने धंदा बंद केला तेव्हा हा त्याच्याकडून एक नेटवर्क स्टोरेज घेऊन आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — बुटाच्या खोक्याएवढी काळी पेटी असते, आत हार्ड डिस्क. घरातल्या वायफायला जोडली की सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो-व्हिडिओ तिच्यात साठवता येतात. तिला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. समोर बारके दिवे आणि आत एक छोटासा बझर. आईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'डबा' ठेवलं आणि तेच राहिलं.

आता सुधीरची एक खोड. त्याला तव्यावरून थेट ताटात आलेली ज्वारीची भाकरच लागायची. जरा निवली की चेहरा उतरायचा. सवय आईंनीच लावलेली, त्यामुळे बोलायची सोय नाही. पण पंप दुरुस्तीच्या कामाला वेळकाळ नसतो. आई फोन करायच्या, हा गाडीवर असायचा, उचलायचा नाही. मग यानं डोकं चालवलं. आमचं वायफाय चक्कीपर्यंत पोचायचं. सुधीरचा मोबाईल त्या टप्प्यात आला की डब्याला कळायचं आणि डबा वाजायचा — टूं, टूं, टूंऽऽ. दोन आखूड, एक लांब. आवाज आला की आई तवा ठेवायच्या. गाडी लावून, हातपाय धुऊन तो येऊन बसेपर्यंत पहिली भाकर टम्म फुगलेली असायची.

कधीकधी साहेब चक्कीवर थांबून गप्पा मारत बसायचे. डबा वाजून गेलेला, भाकर निवत चाललेली. मग आई दारात येऊन गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायच्या, "नवाब! तिथंच जेवतं का आता? भाकर चामडं होऊन राह्यली इकडं!"

तो गेल्यावर काही दिवस डबा नुसताच लुकलुकत होता. मग विजेच्या जाण्या-येण्यात एकदा त्याची सिस्टीम बसली ती पुन्हा उठलीच नाही. त्याच्या कंपनीने ते मॉडेल केव्हाच सोडून दिलेलं, अपडेट नाही, काही नाही. वायफायचं कनेक्शनही मी बंद केलं. वापरणारं कोण होतं घरात?

आणि आई सकाळीच दोन्ही वेळच्या भाकरी करून ठेवायला लागल्या. संध्याकाळी तवा चढेचना. मी वाशीमहून दमून यायची, मग दोघी गार भाकर दुधात कुस्करून, एकमेकींकडे न बघता खायचो. एके दिवशी त्यांनी विचारलं,

"काहून वं वैशाली, डबा आता बोलतच नाही?"

"बिघडला, आई."

"मले मालूम हाय सुधीर येत नाही. येडी नाही झाली मी. पण डबा बोलला का माहे हात आपोआप पिठात जायचे. आता हातायले समजतच नाही संध्याकाळ झाली म्हणून."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझंही तेच होतं. बसमधून उतरून गल्लीत शिरले की चक्कीपाशी माझे पाय हळू व्हायचे आणि कान घराकडे लागायचे. सुधीरचे फोटो होते, व्हिडिओ होते. ते मी बघायची नाही, कारण त्यांत तो होऊन गेलेला असतो. तो आवाज म्हणजे तो येतोय. मला तो येताना हवा होता.

म्हणून मी ठरवलं, डब्यात कंपनीच्या सिस्टीमऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायची. अशा जुन्या पेट्यांवर ते चालतं, सुधीर स्वतःच म्हणायचा. सगळं नीट बसलं की एक छोटा प्रोग्राम लिहायचा आणि रोज संध्याकाळी डबा वाजवायचा. दोन आखूड, एक लांब. खोटं होतं, कळत होतं मला. पण आई निदान गरम जेवतील आणि मीही क्षणभर फसेन... फसायचंच होतं मला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कामाला लागले. इथे जरा बारकाईने सांगते, कारण शंका इथेच येतील. जुन्या दोन्ही डिस्क मी काढून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवल्या. सुधीरने लिहिलेलं जे काही होतं ते त्यांच्यावर. आत नवी, कोरी डिस्क बसवली. डबा थेट माझ्या लॅपटॉपला केबलने जोडला. नेट माझ्या मोबाईलचं, लॅपटॉपमधून दिलेलं. वायफायचा राउटर कंपनीवाले केव्हाच घेऊन गेले होते. सुधीरचा मोबाईल फुगलेली बॅटरी काढून टाकलेल्या अवस्थेत कपाटात पडून.

अशा पेटीला स्क्रीन नसल्यामुळे इन्स्टॉल करताना दुरूनच तिच्यात शिरावं लागतं. ती काय विचारते ते लॅपटॉपवर दिसतं, आपण उत्तरं द्यायची. भाषा कुठली, देश कुठला, डिस्कचे भाग कसे करायचे... दोनदा मी चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा गाडी रुळावर आली आणि लिनक्सची पॅकेजेस, म्हणजे त्याचे सुटे भाग, नेटवरून उतरायला लागली.

आणखी एक महत्त्वाचं. या पेटीतला पंखा आणि बझर हे एका वेगळ्या चिपच्या ताब्यात असतात. त्या चिपशी बोलायचा प्रोग्राम नंतर निराळा टाकावा लागतो. तोवर लिनक्सला बझर आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. पंख्याचंही तेच, म्हणून तो बेताल घरघरत होता. "चक्की घरातच आणली का वं?" आई अंगणातून म्हणाल्या. त्या सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. उन्हं समोरच्या भिंतीवर चढली होती.

मी पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीकडे बघत होते. अर्ध्याच्या जरा पुढे गेली असेल.

टूं, टूं, टूंऽऽ.

मी हललेच नाही. आधी वाटलं, माझ्याच डोक्यात वाजलं. मग अंगणातलं पाखडणं थांबलेलं लक्षात आलं. आई उठल्या. सूप भिंतीला टेकवलं, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या. तवा गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. परात ओढल्याचा आला.

आणि मी, लॅब सांभाळणारी, काय केलं? वायर तपासली? नाही. मी अनवाणी धावत फाटक उघडून गल्लीत गेले, थेट चक्कीपर्यंत.

चक्कीवाले गुलाबराव दळण भरत होते. माझा अवतार बघून ते घाबरलेच.

"काय झालं वं बाई? बुढीले काई झालं का?"

"नाही... इकडून कोणी आलं का आत्ता? गाडीवर?"

"नाही बा. कोणीच नाही." मग जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, "कोनाची वाट पाहून राह्यली?"

रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. मी तिथे उभी राहिले, बराच वेळ. कोणी येणार नाही हे मला पुरतं माहीत होतं आणि तरी पाय निघत नव्हते. एखाद्याची इतकी आठवण येऊ शकते की रिकामा रस्तासुद्धा सोडवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आले तर भाकरी फुगत होत्या. आईंनी ताटं घेतली होती, दोनच.

"बस. गरम हाय तोवर खाऊन घे."

"आई, तो..."

"नाही आला ना. मले मालूम होतं." त्यांनी भाकर उलटली. "पण तू काहून धावली मंग?"

मी रडायला लागले आणि मधेच हसूही आलं. आईंनी भाकर माझ्या ताटात टाकली, वर तेल-तिखट घातलं आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले. कित्येक महिन्यांनी आम्ही उन्हं मावळायच्या आत, तव्यावरची भाकर, एकमेकींकडे बघत खाल्ली.

नंतर मी सगळं तपासलं, खरंच सगळं. इन्स्टॉल मधे कुठेही तुटलं नव्हतं, पट्टी आपली शेवटपर्यंत गेलेली. वीज गेली नव्हती, कारण चक्की चालूच होती. डबा सुरू होताना एक आवाज करतो, पण तो एकच आणि आखूड. गरम झाला तर करतो तो सलग, थांबत नाही. दोन आखूड, एक लांब ही खूण सुधीरची होती आणि ती ज्या डिस्कवर होती ती कपाटात होती. मला भास झाला म्हणावं, तर आईंनाही त्याच क्षणी तोच भास कसा झाला? लॅबमधल्या मैत्रिणींना अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर डबा पुन्हा वाजला नाही. लिनक्स उत्तम चालतंय, फोटो साठवले जातात, पंख्याचा प्रोग्रामही शोधून टाकला. बझरचा भाग मात्र मी त्यातून मुद्दाम वगळला. संध्याकाळी डबा वाजवायचा तो प्रोग्रामही लिहिला नाही. चार ओळींचं काम आहे, चहा उकळेपर्यंत होईल. परवा आईंनी विचारलं, "परत बोलन का थो?" आणि मी खरं ते सांगितलं, "मालूम नाही, आई." त्यांनी मान हलवली. हल्ली संध्याकाळी त्या वाट पाहत नाहीत, मी आले की तवा ठेवतात.

त्या चार ओळी मी लिहिल्या तर डबा रोज वाजेल, आणि रोज मला माहीत असेल की वाजवणारी मीच आहे. मग एखाद्या संध्याकाळी खरोखर वाजला तर मला ओळखू कसं येणार? म्हणून त्याला मी मुकाच ठेवला आहे. एसटीतून उतरले की चक्कीपाशी पाय अजूनही हळू होतात, आणि मी ते होऊ देते.