तेलाच्या काट्यावरचं कुंकू

मंडळी, आज मी आमच्या मोटारीचं इंजिन वाचवलं. तुमाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लगेच लिहायलेय.

काल दसरा झाला. सासूबाईंनी मोटारीची पूजा केली आणि चाकासमोरच्या काट्यांच्या प्रत्येक गोल काचेवर ठसठशीत कुंकू लावलं. तेलाचा दाब दाखवणारा काटाही त्यात झाकला गेला. हैदराबादच्या एका नवाबाकडून ही जुनी मोटार घेतली, तेव्हा त्याच्या ड्रायव्हरनं बजावलं होतं, की हा काटा तळाला गेला तर इंजिन लगेच बंद करा, न्हाईतर ते जाम होईल.

आज मानवतहून पाथरीला निघालो. वाटेत मी काच पुसायला हात पुढं केला, तर मागून सासूबाई म्हणाल्या, "सणाचं कुंकू पुसत न्हाईत, बाई."

मोटार चालवता चालवता हेही म्हणाले, "इंजिन चांगलं चालायलंय की."

मी तरीही पदरानं काच पुसली. काटा पार तळाला गेला होता.

"थांबवा," मी ओरडलेच.

यांनी इंजिन बंद करून बॉनेट उघडलं. नळी सैल होऊन तेल गळायलं होतं. निजामाच्या या मुलखात मिस्त्री थेट परभणीला, पण पाना आणि तेलाचा डबा जवळ होता. नळी आवळली, तेल भरलं, इंजिन चालू केलं आणि काटा झोकात वर चढला.

पाथरीला उतरल्यावर सासूबाईंनी करंडा काढला. काचेकडं गेलेला हात मागं घेतला आणि कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावलं. "काट्याकडं आता तूच बघत जा," म्हणाल्या.

तुमच्या मोटारीत त्या काट्याकडं कोण बघतं?