माझ्या अक्षरातला कागद

जत्रेत पोलिसांच्या मंडपाला सुतळी बांधली होती. सुतळीवर चिमट्यांनी कागद लटकवलेले. वर पाटी, ‘यांच्यापासून सावध राहा.’ तिसऱ्या कागदावर माझ्या बाबांचा फोटो.

रोज माझ्याबरोबर एसटीने मालवणला येणारी बाई कागद वाचत होती.

“गो, ह्यां तुझांच नाव मां?”

असं म्हणून तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

नाव माझंच होतं. ‘मुलगी, इयत्ता सहावी.’ अक्षरही माझंच.

आमच्या जमातीला इंग्रजांच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा गेला, पोलिसांची सवय राहिली. माझ्या जन्माआधी देवळातल्या समया चोरल्याचा आळ बाबांवर आला. कोर्टाने निर्दोष सोडलं. तरी दर जत्रेला बाबा सकाळीच आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून पोलिसांच्या बाकावर जाऊन बसत. संध्याकाळपर्यंत. लहानपणी मला वाटायचं, बाबांना मान आहे, म्हणून पोलीस त्यांना जवळ बसवतात.

मी सहावीत असताना एक शिपाई घरी आला. पोलिसांच्या नोंदवहीतलं बाबांचं जुनं पान फाटलं होतं, नवं लिहायचं होतं. बाबा कौतुकाने म्हणाले, “माझ्या चेडवाचां अक्षर बरां आसा. शाळेतलो फळो तांच लिवता.”

मी लिहिलं. डाव्या भुवईवर व्रण. उठण्याबसण्याची ठिकाणं. नातेवाईक. शेवटी माझं नाव, शाळा, इयत्ता. शिपायाने बक्षीस म्हणून पेन दिलं. त्याच पेनाने मी दहावीचा पेपर लिहिला. कितीतरी वर्षं त्या माणसाचे उपकार मानले.

आता मी पदवीधर. घरातली पहिली. मालवणला वकिलांकडे टायपिंग करते. अशा पानांविषयीचे अर्ज मी स्वतः टाइप केले आहेत. हे पान पोलिसांच्या आतल्या वापराचं असतं, चारचौघांत लावता येत नाही. त्यात अल्पवयीन मुलांची नावं नकोत. संशयाला आधार उरला नाही तर ते बंद करायला हवं. हे सगळं मला ठाऊक होतं. बाबांसाठी मात्र मी एक ओळ टाइप केली नाही. ऑफिसात कळलं असतं, मी कोणाची मुलगी.

जत्रेत त्या दिवशीही मी खाज्याच्या दुकानाआड सरकले. बाकावरून बाबांनी मला पाहिलं. पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मी त्यांची मुलगी हे कोणाला कळू नये म्हणून.

ती वळलेली मान मला सहन झाली नाही. मी मंडपात गेले.

“हा कागद इथे लावता येत नाही. उतरवा.”

हवालदार हसला. “कोण सांगतंय?”

“त्यात जिचं नाव आहे ती. हे माझे बाबा.”

त्याने कागद निरखला. “अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“मग झालं की. घरच्यांनीच लिहून दिलंय.”

मागे कोणीतरी हसलं. तरी मी म्हटलं, “मी तेव्हा अकरा वर्षांची होते. उतरवत नाही असं लेखी द्या.”

लेखी म्हटल्यावर त्याने सुतळीवरचा चिमटा काढला. कागद खणात गेला. “बापाला मात्र बसू दे संध्याकाळपर्यंत.”

“बाबा, उठा.”

“बसतंय गो. इतकी वर्षां बसलंय. तू जा घराक.”

“उठा.”

ते उठले. उठण्याआधी त्यांनी हवालदाराकडे पाहिलं, परवानगीसाठी. आम्ही गर्दीतून चालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पोलीस अधीक्षकांना अर्ज केला. टाइप केला नाही, हाताने लिहिला. पान बंद करा, माझं नाव काढा, निर्णय लेखी कळवा. एक प्रत ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. अजून उत्तर नाही. नाही आलं तर हायकोर्टात जाईन.

पुढच्या जत्रेला बाबा त्या बाकावर बसणार नाहीत. कोणी बसवलंच, तर शेजारी मी बसेन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माझं पूर्ण नाव सांगेन. बाबांच्या नावासकट.