बंद जिनिंगचा भोंगा

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा रोज दुपारी न चुकता ऐकणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच, आमचे पुलगावचे मामा. बाजारात वांग्यांच्या भावावरून कितीही घासाघीस चाललेली असो, ते मध्येच बोट वर करायचे. "ऐक. झाला भोंगा." की चालले घरी जेवायला. गिऱ्हाईक हातात कोथिंबीर घेऊन उभंच. घड्याळ पाहावं तर बारा वाजलेले. जिनिंगला कुलूप लागलं तेव्हा मी हाफपँटीत होतो.

बोलायला बसले की इंग्रजाला सोडायचे नाहीत. "गाव पयले नदीकडं तोंड करून होतं बापा. इंग्रजाले कापूस पायजे होता, तं त्यानं रूळ टाकले न् गावाची मान पिरगाळून स्टेशनाकडं केली. कापूस गेला, जिनिंग गेली, मान तशीच राह्यली." ऐकताना माझा हात उगाच मानेवर जायचा. जिनिंगच्या आवारात वारा नसतानाही कापसाचे पुंजके तरंगतात, असंही ते सांगायचे. पाहायला गेलो, तर खरंच एक तरंगत होता. पुन्हा मी तिकडे फिरकलो नाही.

मामी तरुणपणी त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. म्हातारपणी तिला कुणी ओळखू येईना, मीसुद्धा नाही. पण "भोंगा झाला" असं मामांनी म्हटलं की मुकाट्यानं जेवायची. एरवी कुणी कितीही विनवलं तरी घास घ्यायची नाही.

गेल्या वर्षी जिनिंगच्या आवारात प्लॉट पाडायचे म्हणून भोंग्याची उंच चिमणी पाडली. मामीनं अंगणातून ती पडताना पाहिली. दुसऱ्या दुपारी मी मामांच्या घरीच होतो. मामा म्हणाले, "भोंगा झाला, जेव." मामी शांतपणे म्हणाली, "काऊन खोटं बोलता? चिमणी तं पडली." ताट तसंच राहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही दुपार झाली, तेव्हा मामांना तोंड उघडायची हिंमत होईना. ते भिंतीला टेकून बसून राहिले.

एकाएकी मामीनं बोट वर केलं. "ऐका," म्हणाली, पदर सावरला आणि वरणभात कालवून जेवू लागली. अंगणातलं कुत्रं कान टवकारून चिमणीच्या रिकाम्या जागेकडे पाहत होतं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मामा मला ओसरीवर नेऊन म्हणाले, "भोंगा म्हंजे गिऱ्हाईक सोडून माह्यं घरी जेवाले पयायचं निमित्त होतं रे. मंग तिच्यासाठी थाप मारत गेलो. मले कधीच ऐकू आला नव्हता. आज आला."

मामी थंडीत गेली. मामा भाजी विकतात, पण बोट वर करत नाहीत, आणि दुपारी जेवायलाही उठत नाहीत. परवा बाजारात त्यांच्याजवळ बसलो होतो. बारा वाजले तसं मीच म्हणालो, "मामा, झाला भोंगा."

त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला. "तुलेही आला?"

"आला."

तेव्हा ते उठले, सायकल काढली आणि घरी जेवायला गेले.