अंगणातला तरवड

माहेरच्या कोरड्या माळावरून तरवडाचं रोप आणून मी अंगणात लावलं होतं. मूळ धरेपर्यंत त्यालाही पाणी लागतं, असं ह्यांना बजावून ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवस लेकीकडे गेले. परतले तर गुलाब टवटवीत, त्यांची आळी अजून ओली; आणि शेजारीच तरवड वाळून काडी झालेला.

"अगं, दुष्काळातलं झाड ते," हे म्हणाले. "त्याला काय लागतंय?"

मी फांदी वाकवली, ती कटकन मोडली. आत हिरवा ठिपकासुद्धा नव्हता. थोडक्यात भागवणाऱ्याला लोक तेवढं थोडकंही द्यायचं विसरतात.

लग्न होऊन या कालव्याकाठच्या घरात आले, तेव्हा हे पाहुण्यांना माझ्याबद्दलही सांगायचे, "दुष्काळी भागातली आहे, हिला काही लागत नाही."

इतकी वर्षं मी ते कौतुक समजत होते.