पेढे कशाचे?

भंडाऱ्यात आमच्या शेजारी पितळेची भांडी घडवणारे एक काका राहायचे. दिवसभर हातोड्याची ठणठण त्यांना गोड लागे, पण ट्यूबलाइट लागली की कपाळ धरून बसत. आमच्या दारात आले की आधी आईला म्हणत, "वहिनी, ते लाइट बंद करा ना जी, डोक्यात मुंग्या चालून राहिल्या." मगच चहा घेत. वीज गेली की सगळी गल्ली हळहळे आणि हे अंगणात खाट टाकून खड्या आवाजात भजन म्हणत.

डॉक्टर बरेच झाले. कुणी चष्मा दिला, बाकीच्यांनी वहम म्हणून परत पाठवलं.

एका संध्याकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले.

"काय निघालं?" आईनं विचारलं.

"काहीच नाही निघालं! नवा डाक्टर म्हणे, तुमचा तरास खरा आहे. पण काहून होते, ते मले समजत नाही म्हणे."

"मग औषध?"

"औषध कायले, वहिनी? खरा आहे म्हणे ना!"

आमची ट्यूबलाइट मघापासून चालूच होती. आई लगबगीनं बटणाकडे वळली, तर त्यांनी हात वर केला.

"राहू द्या जी. आता खुशाल दुखू द्या."