नवी नको, जुनी गादी द्या

"टाकणार म्हणजे कुठे?"

हा त्यांचा प्रश्न. आवाज न चढवता, पानाला चुना लावता लावता विचारलेला. समोरचा म्हणायचा, "नदीत." मग ते म्हणायचे, "नदी तर वाहते. पुढे कुणाच्या दारात?" समोरच्याच्या घरी नुकतंच कुणीतरी गेलेलं असायचं. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. अशा माणसाला हे विचारणं वाईट दिसतं, हे त्यांनाही कळायचं. तरी ते विचारायचे.

ते पंचवटीत दहाव्या-बाराव्याचे विधी करणारे गुरुजी. आमच्या गल्लीत, आमच्या समोरच राहायचे. मी सांगते आहे ती वर्षं दोन सिंहस्थांच्या मधली.

नाशिकमध्ये राहिलेल्या कुणालाही हे दृश्य नवीन नाही. घरातलं माणूस गेलं की त्याची गादी घरात ठेवत नाहीत. टेम्पो पुलावर थांबतो, दोघं जण चार कोपरे धरतात, गंगामाईचं नाव घेतात आणि धप्प. गादी लगेच बुडत नाही. कापूस पाणी पितो, फुगतो आणि पुढच्या बंधाऱ्याला जाऊन अडकतो. तोवर आपण हात जोडून, मागे न बघता निघून आलेलो असतो. मागे बघायचं नसतं, हा नियम फार सोयीचा आहे.

त्यातली दुसरी गंमत बघा. अकराव्या दिवशी त्याच घरातून शय्यादान होतं. कोरी गादी, उशी, चादर, छत्री, चपला, सगळं गुरुजींना. मेलेल्याला वर निजायला मिळावं म्हणून. म्हणजे एक गादी नदीत आणि एक गुरुजींच्या घरी. गुरुजी तरी इतक्या गाद्यांचं काय करणार? त्या गाद्या परत दुकानात जातात आणि पुढच्या घरासाठी पुन्हा बाहेर येतात.

आमच्या गुरुजींनी यातली एक गोष्ट उलटी केली. ते यजमानाला सांगायचे, "नवी नको. ते ज्या गादीवर झोपायचे ती द्या."

लोक कानांवर हात ठेवायचे. वापरलेली गादी, तीही मेलेल्याची, आणि ब्राह्मणाला? पाप लागेल. गुरुजी शांतपणे म्हणायचे, "तुम्हाला जड झालेलं मी उचलतो. दान ते आणखी काय असतं?"

मी वाढले ती पत्रकांत. वडील संपाची, मोर्च्याची पत्रकं छापून आणायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी शुद्धलेखन लिहायचे. भटभिक्षुकीविषयी माझी मतं बाराखडीबरोबरच पक्की झालेली होती. त्यामुळे समोरच्या घरातल्या या माणसाशी मी कॉलेजात जाईपर्यंत धड बोलले नव्हते. एकदा आमच्या गटानं घाटावर नदी वाचवण्याची पत्रकं वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी दारात उभे. हातात वाळून कडक झालेल्या कागदांचा गठ्ठा.

"क्रांतीबाई, तुमची पत्रकं. बंधाऱ्याजवळ तरंगत होती. मजकूर चांगला आहे."

त्या दिवसापासून मी त्यांच्या गच्चीवर जायला लागले.

गच्ची म्हणजे कारखाना होता. घाटावरचं काम आटोपलं की गुरुजी धोतर खोचून बसायचे आणि ब्लेडनं गादीची शिवण उसवायचे. खोळ सोड्याच्या पाण्यात उकळायची. कापूस हातानं पिंजून उन्हात पसरायचा, उलटा करायचा, पुन्हा पसरायचा. गुरुजींच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, जिन्यातून ओरडायच्या, "अहो, आज कुणाचा बाप वाळत घातलाय? मला पापड घालायचेत." आणि मला म्हणायच्या, "आमच्या गच्चीवर अर्धी पंचवटी वाळत असते बघ."

चांगला निघालेला कापूस भद्रकालीतल्या पिंजाऱ्याकडे जायचा आणि त्याच्या उशा, दुलया होऊन सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचायच्या, पेशंटबरोबर आलेली माणसं जिथे फरशीवर झोपतात तिथे. डागाळलेला, कुजका कापूस मखमलाबादच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याच्या खड्ड्यात, शेणाबरोबर. तो पहिल्यांदा गाठोडं बघून मागे सरकला होता. म्हणाला, "गुरुजी, आतमधी कोणी नाय ना?" पुढे त्याच्या वांग्यांचे वाफे त्या खतावर माजले, तेव्हा तोच फाटकाशी वाट बघत उभा राहायला लागला. "लय दिस झाले, कोणी गेलं नाय का तुमच्याकडं?" गुरुजी हसायचे, मग जीभ चावायचे. आजाऱ्याच्या गादीबद्दल ते आधी डॉक्टरला विचारायचे आणि डॉक्टर नको म्हणाले तर ती जाळायचे, गावाबाहेर, स्वतः उभं राहून.

घाटावरचे बाकीचे गुरुजी त्यांना पिंजारीबुवा म्हणायचे. तोंडावर. यांचा मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकत होता, त्याला ते शब्द लागायचे. यजमान कमी होत होते, ते त्याला दिसत होतं. ज्या घरची सगळी कार्यं पणजोबापासून आपण केली, त्या घरची माणसं आता घाटावर पोचल्यावर दुसऱ्या गुरुजींच्या छत्रीकडे वळतात, हे मुलाच्या डोळ्यांसमोर घडायचं. तो घरी येऊन ताटावरून उठायचा. गुरुजी जेवत राहायचे.

मग नाशिकरोडच्या त्या घराचा दहावा आला.

ते घर म्हणजे गुरुजींकडे उरलेलं शेवटचं मोठं यजमानपण. गेलेले आजोबा गुरुजींचे लहानपणापासूनचे ओळखीचे, घाटावर आले की गुरुजींच्या पाठीत धपाटा घालून बसणारे. मोठा मुलगा बांधकामाच्या धंद्यातला, मोजकं बोलणारा, सवय हुकमाची. भाऊबंद, व्याही, कामगार, सगळा घाट भरला होता. आणि टेम्पोत गादी. जाड, पट्ट्यापट्ट्यांची, मधोमध आजोबांच्या अंगाचा खळगा पडलेली. विधीनंतर ती नदीत सोडायची, हे घरून ठरवूनच आले होते. गुरुजींनी आधीच नाही म्हणून सांगितलेलं होतं. मोठ्या मुलानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गादी उतरवून पाण्याच्या कडेला ठेवली.

मी त्या दिवशी घाटावर होते. काकूंनी पाठवलं होतं. म्हणाल्या, आज काहीतरी होणार, तू जा.

पिंड ठेवला. सगळे मागे सरले. कावळा येईना.

ज्यांनी हे अनुभवलं आहे त्यांना सांगायला नको. आधी लोक गप्प असतात. मग कुजबुजतात. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो, धाकटीचं लग्न करू, आईला सांभाळू, भांडण मिटवू. कावळे समोरच्या पारावर बसलेले. एकही हलत नव्हता. माझ्या मते त्या सकाळी इतके पिंड झाले होते की कावळ्यांची पोटं टम्म भरली होती. पण माझं मत कोण विचारतो.

मोठा मुलगा म्हणाला, "गुरुजी, बाबांचा जीव त्या गादीत अडकलाय. सोडू द्या ती."

"जीव गादीत असेल तर तो बंधाऱ्याला जाऊन अडकेल. ते चालेल तुम्हाला?"

"आमच्या बापाच्या गतीशी खेळू नका."

मागून कुणीतरी म्हणालं, पिंजारीबुवाला कापूस पाहिजे, म्हणून चाललंय सगळं. हशा पिकला. दहाव्याला हशा. मुलानं दोन कामगारांना खूण केली. ते गादीकडे निघाले.

आणि गुरुजी जाऊन गादीवर बसले.

हे काय झालं ते नीट समजून घ्या. विधी चालू असताना गुरुजी सोवळ्यात असतात. मेलेल्याच्या अंथरुणाला नुसतं बोट लागलं तरी स्नान केल्याशिवाय पुढचा मंत्र म्हणता येत नाही. आणि हे त्या खळग्यात मांडी घालून बसले. उठून नदीत बुडी मारावी, तर मागे गादी जाणार. म्हणजे उठता येत नाही, आणि उठल्याशिवाय विधी पुरा करता येत नाही. उरलेलं शेवटचं यजमानपण त्यांनी त्या गादीखाली दाबून टाकलं. त्यांना ते कळत होतं.

गुरुजींचा मुलगा खाली मान घालून उभा. कामगार मालकाकडे बघायला लागले, कारण म्हाताऱ्या ब्राह्मणाला धरून उचलायचं कुणी? शेवटी शेजारच्या छत्रीतले गुरुजी आले, त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, विधी उरकला. मोठा मुलगा जाताना एवढंच बोलला की आमच्या घरचं पाणी तुम्हाला आजपासून बंद, आणि आमच्या सोयऱ्याधायऱ्यांचंही. तो शब्दाचा पक्का निघाला.

सगळे गेले. पिंडाचं पान दगडावर तसंच राहिलं. गुरुजी गादीवरच बसून होते. मी म्हणाले, चला आता, कुणी नाही. ते म्हणाले, "कावळा नाही आला अजून."

मी चिडले. म्हणाले, गुरुजी, कावळ्यांची पोटं भरली आहेत, त्यात आत्म्याचा काय संबंध? तुम्ही तरी या भानगडीतून बाहेर या. माझ्याकडे या विषयावर चार पानी पत्रक होतं, ते मला तोंडपाठ होतं.

"तुला ठाऊक असेल," ते म्हणाले. "मला नाही. मला तो माणूस ठाऊक होता. तो अडकला असेल माझ्यामुळे, तर मी इथून कसा हलू?"

तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की हा माणूस कशाच्या विरुद्ध उभा आहे. यजमान, घाट, मुलगा, ते तर होतेच. पण तो स्वतःच्या श्रद्धेच्याही समोर उभा होता, आणि ती खरी होती. मला कावळा नाकारायला काहीच किंमत मोजावी लागत नव्हती. त्यांना लागत होती. ते ऊन डोक्यावर घेऊन बसून राहिले, पानाकडे बघत, मधूनच पुटपुटत. मंत्र नव्हते ते. त्या म्हाताऱ्याला एकेरीत काहीतरी सांगत होते.

उन्हं पुलाआड गेली तेव्हा एक कावळा खाली उतरला. तिरपा चालत आला, भाताला चोच मारली, घास घेऊन उडाला.

मी उडीच मारली. म्हणाले, चला, फोन करू नाशिकरोडला, सांगू त्यांना, गादी इथेच आहे आणि कावळा शिवला. तुमचं खरं झालं. उद्या सगळ्या घाटाला सांगते मी.

गुरुजींनी डोळे पुसले. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणी सोन्याच्या ताटात शेण वाढलं असावं.

"कुणाला सांगायचं नाही. आज कावळा आला म्हणून मी बरोबर, तर उद्या नाही आला म्हणजे मी चूक? मग उद्याची गादी जाईल पाण्यात. गादी नदीत जाणार नाही. कावळा येवो, न येवो."

मग म्हणाले, "एक कोपरा धर."

आम्ही दोघांनी ती गादी घाटाच्या पायऱ्या चढवून वर आणली.

त्यानंतरची वर्षं हलाखीची गेली, ते लपवण्यात अर्थ नाही. ज्या घरी मोठे गुरुजी परवडत नाहीत तिथे ते जायचे. काकूंनी पापड विकायला सुरुवात केली. मुलगा त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा. मी रागानं एक पत्रक लिहून आणलं होतं, त्या बांधकामवाल्याच्या नावानिशी. गुरुजींनी ते वाचलं, एका ठिकाणी र्‍हस्व-दीर्घ सुधारलं, आणि छापू दिलं नाही.

दुसऱ्या सिंहस्थानंतर फोमच्या गाद्या सगळीकडे झाल्या आणि तिथे मात्र गुरुजी हरले. फोम पिंजता येत नाही. मातीत कुजत नाही. जाळला तर काळा धूर. मखमलाबादच्या शेतकऱ्यानं तुकडा पुरून पाहिला होता. पुढच्या नांगरटीला तो जसाच्या तसा वर आला. "गुरुजी, हे मरत नाय," तो म्हणाला. गुरुजी दुकानदारांना भेटत फिरले, नवी विकता तर जुनी परत घ्या म्हणून. दुकानदारांनी चहा पाजला. गच्चीवर फोमच्या गाद्यांची थप्पी चढत गेली, पण एकही पुलावर गेली नाही.

शेवटी ते स्वतः अंथरुणाला खिळले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मुलानं फोमची गादी आणली. ते नको नको म्हणत होते. मुलगा म्हणाला, "अप्पा, आता तुम्ही गप्प बसा." त्यांच्या आयुष्यात हे त्यांना गप्प बसवणारं एकमेव वाक्य असावं. ते त्याच गादीवर गेले.

दहाव्याला कावळा शिवला की नाही ते मी सांगणार नाही.

घरी परतल्यावर चुलते म्हणाले, गादी टाकून या. मुलगा गादी उचलून गच्चीवर गेला, मोठी सुरी घेऊन त्यानं ती गादी कापली, चौकोनी तुकडे केले. काकूंनी जुन्या खोळींचं कापड धुऊन त्यांना अभ्रे शिवले.

ती आसनं आता घाटावर त्याच्या छत्रीखाली असतात. दगड उन्हात तापतो, म्हाताऱ्या बायकांना बसवत नाही, तेव्हा तो एकेक पुढे सरकवतो. आणि सरकवताना सांगतो. लपवत नाही. "हे आमच्या अप्पांच्या गादीचं आहे. ते यावरच गेले." काही जण विजेचा झटका बसावा तसे उठतात आणि दुसऱ्या छत्रीकडे जातात. तो त्यांना थांबवत नाही.

परवा मी घाटावरून जात होते तेव्हा कळवणकडची एक म्हातारी बसलेली होती. त्यानं तिला ते वाक्य सांगितलं. तिच्याबरोबरची माणसं दचकून मागे झाली. सून म्हणाली, "आत्या, उठा." म्हातारीनं आसनावरून हात फिरवला, पदर डोक्यावर घेतला आणि पाय नीट दुमडून बसली.

"ऊन लय हाय बाई," ती म्हणाली. "म्हण बाबा तू मंत्र."