अडीचशे पावलं

आमच्या हायस्कूलचे पीटीचे सर टेपला हात लावायचे नाहीत. शाळा उघडली की फक्कीचं घमेलं घेऊन मैदानात उतरायचे आणि पावलांनी धावपट्टी आखायचे. त्यांची अडीचशे पावलं म्हणजे दोनशे मीटर. मी गणित शिकवतो, म्हणून एकदा हट्टाने टेप लावून पाहिला होता. वीतभरही फरक निघाला नाही. पुढे वर्षभर त्यांनी मला स्टाफरूममध्ये सुखाने चहा पिऊ दिला नाही.

माणूस फटकळ. फुटबॉल असो की व्हॉलीबॉल, सगळे संघ त्यांना टरकून असायचे. पण सामन्याला निघताना एकेकाच्या बुटांच्या नाड्या खाली बसून हेच बांधायचे. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते बसणं सुटलं. बाकी सगळं होतं तसंच आहे, असं आम्ही धरून चाललो.

यंदा दहावीत पोस्टमनची थोरली मुलगी होती. सर तिला 'वावटळ' म्हणायचे. पोरगी बाहेरगावी कधी धावलेली नव्हती, पण आमच्या मैदानावर दोन फेऱ्या, म्हणजे चारशे मीटर, साठ सेकंदांत मारायची. क्रीडा वसतिगृहात जागा मिळवायला एकसष्टच्या आत यायचं होतं. मिळाली तर पुढचं शिक्षण तिथेच. नाही तर मावशीच्या शिवणाच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं. सर पोस्टमनला म्हणाले, "पोरगी गेलीच समजा. जबाबदारी माझी."

निवड चाचणीत तिला त्रेसष्ट लागले.

"घाबरली असेल," सर म्हणत राहिले. मला मात्र तो आकडा पचेना. शेवटी मी टेप काढला, दुसरं टोक सरांच्या हातात दिलं. फेरी एकशे एक्क्याण्णव मीटर भरली. ऑपरेशननंतर त्यांचं पाऊल दोन बोटं आखूड पडत होतं आणि ते इमानेइतबारे अडीचशेच मोजत होते. मी रोज या माणसाबरोबर घरी चालत जायचो. माझ्या गणिताला काय जाळायचंय?

"तिला सांगू नका," मी म्हणालो. "आता सांगून काय मिळणार?"

"ती स्वतःला दोष देत असेल हो," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मावशीने तिला शाळा सुटल्यावर दुकानात बसवायला सुरुवातही केली होती. आम्ही गेलो तेव्हा ती एका सदऱ्याची काजं करत होती. सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "तुझी काही चूक नाही, बाळा. मैदानच कमी होतं. चूक माझी."

तिची सुई थांबली.

"म्हणजे सर, साठ सेकंदांत मी कधी धावलेच नाही?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे.

"निवड नाही झाली, पण ते साठ तरी माझे आहेत असं वाटत होतं," ती म्हणाली आणि पुढचं काज करायला घेतलं.